तंत्रज्ञान: ‘उपयोजित विज्ञान’ हा अर्थ पुरतो का?

विचारणा (परभणी): दहावीच्या पुस्तकाचं नावच ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’. मग शब्दकोशात तंत्रज्ञान म्हणजे उपयोजित विज्ञान, असा अर्थ दिला तर काय बिघडलं?

उत्तर (लातूर): बिघडतं ते क्रमात. आधी नियम, मग वापर, असं गृहीत धरलं जातं. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन 1712 मध्ये खाणीतलं पाणी उपसत होतं. उष्णतेतून काम किती निघेल याचा विचार कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं 1824 मध्ये मांडला. आपल्याकडं निजामशाहीच्या मलिक अंबरनं नहर (जमिनीखालून पाण्याचा पाट) बांधून औरंगाबादेत पाणी आणलं. तो वारला 1626 मध्ये, आणि हवेचा दाब मोजणारा टोरिचेलीचा वायुभारमापक आला त्यानंतर, 1643 मध्ये.

पण क्रम सोडा, ज्ञानाची जातच वेगळी आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती ‘भरायला’ टाकतो, म्हणजे आत नवी तार गुंडाळून घेतो. भरणारा जुन्या कॉइलचे वेढे मोजतो, तारेचं गेज (जाडी) बघतो आणि विचारतो, ‘लाइट कशी येतीय तुमच्याकडं?’ व्होल्टेज 20 टक्के उतरलं की इंडक्शन मोटारीचा जोर 64 टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हे विज्ञान, नांदेडला तेच, लंडनला तेच. पण तुमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) रात्रपाळीला व्होल्टेज किती पडतं, त्यासाठी वेढे किती कमी करायचे, जाड तार खाचेत मावेल का, आणि उद्या व्होल्टेज पूर्ण आलं तर हीच मोटार तापेल का, हे त्याचं ज्ञान. त्याला खरं-खोटं लावता येत नाही. चाललं का, किती सीझन, किती पैशात, एवढंच विचारायचं.

(‘नवीन तंत्रज्ञान आलं’ म्हणजे नवं यंत्र आलं, हा अर्थ तर आता रुळलाच. त्याला इलाज नाही.)

विचारणा (बीड): मग सरळ ‘हुन्नर’ म्हणा की! आमच्याकडं जुनी माणसं अजून म्हणतात.

उत्तर (लातूर): शब्द झकास आहे, पण हुन्नर माणसाच्या हातात असतो, त्याच्याबरोबरच जातो. भरणाऱ्याकडं तेलकट वही असते, कोणत्या मोटारीला किती वेढे ते टिपलेली. पोरगं ती बघून शिकतं. ती वहीही तंत्रज्ञानात धरावी लागेल. मी अर्थ असा देईन: ‘वस्तू घडवण्याचं, चालवण्याचं, दुरुस्त करण्याचं ज्ञान, लक्षणेनं (अर्थ ताणून), यंत्रसामग्री.’ ‘उपयोजित’ काढून टाकावं.