पूल क्यू: टिप घसरतेय, शाफ्टही वाकलाय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात राहतो. मोठ्या भावाचा जुना पूल क्यू (पूल खेळायची काठी) माळ्यावरून काढलाय. दोन तुकड्यांचा, मेपलचा शाफ्ट (पुढचा बारीक तुकडा), टिप (टोकावरची चामड्याची चकती) 13 मिमीच्या आसपास. 2019च्या महापुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं नव्हतं, पण घरातली ओल दिवाळीपर्यंत हटली नाही आणि क्यू तेव्हापासून तिथंच पडून होता.

आता दर चार-पाच शॉटला मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते. चॉक टिपेवर धरतच नाही, ती जुन्या चपलेच्या तळव्यासारखी चकाकते. जोडून टेबलावर लोळवला तर टोक हेलकावे खातं. वर टोकापासून वीतभर अंतरावर एक पोचा आहे, तो बोटांना दर वेळी लागतो.

क्लबातला एकजण म्हणतो शाफ्ट गेला, नवा घे. दुसरा म्हणतो पॉलिश पेपर मार. मिरजेला सतारमेकरांकडे न्यावा का? लाकूड त्यांना कळतं म्हणून विचारतोय. भावाला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा सल्ला जपून द्या.

चॉकमास्तर:
आधी जोड सोडा आणि शाफ्ट वेगळा, बट (मागचा जाड तुकडा) वेगळा लोळवा. दोन्ही सरळ लोळले आणि जोडल्यावरच डुगडुगले तर लाकूड निर्दोष, खोट जॉइंटमध्ये. पिनच्या (तुकडे जोडणाऱ्या स्क्रूच्या) आट्यांत किंवा जॉइंटच्या तोंडावर मेण, धूळ साचली की दोन्ही तोंडं नीट मिटत नाहीत. जुन्या टूथब्रशने कोरडंच साफ करा. आणि शाफ्ट खरंच वाकला असेल तर वजन ठेवून सरळ करायच्या फंदात पडू नका, पुढच्या पावसाळ्यात परत वाकतो.

टिप चकाकते म्हणजे चामडं दबून घट्ट झालंय. खरखरीत पेपरने हलकेच पृष्ठ उठवा आणि घुमट करा. अमेरिकन लोक निकेल नाण्याची गोलाई धरतात, 21 मिमीचं असतं ते. आपलं 2011 सालापासूनचं एक रुपयाचं नाणं साधारण 22 मिमी, ते शेजारी धरून बघा. फेरूलच्या (टिपेखालच्या कड्याच्या) वर दोन मिमीही चामडं उरलं नसेल तर मात्र टिप बदलाच.

कृष्णाकाठचा:
पोच्याला पेपर अजिबात नको! पोचा जातो, पण शाफ्टही तेवढ्या जागी बारीक होतो आणि गेलेला व्यास परत येत नाही. कापसाचा ओला बोळा फक्त पोच्यावर रात्रभर ठेवा. दबलेले तंतू पाणी पिऊन वर येतात. पूर्ण वाळू दे, मग चामड्याच्या तुकड्याने जोरात घासायचं, गरम होईपर्यंत.

खिशात_पांढरा:
मी एकदा कोल्हापुरी चपलेच्या तळाची टिप कापून लावली होती. तिसऱ्या ब्रेकला (डाव फोडायच्या फटक्याला) टिप एकीकडे, पांढरा बॉल दुसरीकडे. हसू नका.

चॉकमास्तर:
😂 सतारमेकरांचं म्हणाल तर त्यांचा हात तूनच्या लाकडावर आणि भोपळ्यावर बसलेला, हे काम वेगळं. फेरूल बदलायचं असेल तर लेथ लागेल. कुपवाड एमआयडीसीत लेथवाले पुष्कळ, पण त्यांच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये मेपल आवळला की वळ उठतात. कोलेट (सगळीकडून सारखी धरणारी पकड) आहे का, ते आधी विचारा. नुसती टिप घरी बसते.

मूळ धागाकर्ता:
मास्तर, मानलं! दोन्ही तुकडे सरळ निघाले. पिनच्या आट्यांत मेणाचा काळा गोळा होता, तो काढल्यावर डुगडुग जवळजवळ गेली. पोचा दोन रात्रींत पाऊण भरला.

टिप मात्र पहिल्यांदा वाकडी बसली. जुनी काढल्यावर फेरूलचं तोंड सपाट केलंच नव्हतं. दुसरीला काचेवर बारीक पेपर ठेवून क्यू उभा धरून घासला, टिपेची खालची बाजू खरबरीत केली, फेविक्विकचा एकच थेंब, आणि रात्रभर हात लावला नाही. चांगली बसली. पण आठ दिवसांत कड फेरूलच्या बाहेर आलीय, छत्रीसारखी. पुन्हा चुकलं का?

चॉकमास्तर:
चुकलं नाही. मऊ टिप पहिल्या काही दिवसांत पसरतेच. क्यू उलटा करून टिप लाकडी पाटावर टेकवा, धारदार पात्याने कड फेरूलच्या रेषेत खाली छाटा. पातं फेरूलला लागू देऊ नका. मग कडेला जरा थुंकी लावून चामड्याने घासा, कड कडक होते. एखाद्या वेळी परत छाटावी लागेल.