नागपूरची गाडी नेपाळला नेताना विमा आणि कागदपत्रे

सप्रेम नमस्कार,

दिवाळीत आम्ही सहकुटुंब नागपूरला येत असून, बाबांच्या नावावरील एमएच ३१ ची गाडी घेऊन जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर या मार्गाने काठमांडूला जाण्याचा बेत आहे. सोनौलीच्या सीमेवर भन्सार केले की काम झाले, असे बाबांचे म्हणणे आहे. गाडीचा सर्वंकष विमा चालू आहे. आणखी काही लागेल काय?

मूळचा धरमपेठेचा, सध्या परदेशी

सप्रेम नमस्कार,

तुमचे बाबा म्हणतात ते अर्धेच खरे आहे. भन्सार ही नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयाने ठरावीक दिवसांपुरती गाडीला दिलेली परवानगी आहे. अपघात झाल्यास तिचा काडीचाही उपयोग नाही. पॉलिसीवर ‘भौगोलिक क्षेत्र’ या रकान्यात बहुधा केवळ ‘भारत’ असे छापलेले असते, आणि तसे असेल तर तुमचा सर्वंकष विमा सीमेच्या कमानीखालीच संपतो. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या दर-नियमावलीत, बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत हे क्षेत्र वाढवण्याची सोय असून, पॉलिसीला जोडायच्या त्या पुरवणीचा क्रमांक आयएमटी १ आहे. तेव्हाच्या दरपत्रकात सर्वंकष विम्यासाठी ते शुल्क अवघे पाचशे रुपये होते. माझ्या एजंटाने ‘होऊन जाईल’ असे फोनवर सांगितले होते. मी हट्टाने लेखी पुरवणी मागितली, तेव्हा कळले की अर्जच पुढे गेला नव्हता. म्हणून निघण्यापूर्वी कागद हाती घ्या.

मूळ आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) जवळ ठेवा आणि गाडी बाबांच्या नावावर असल्याने, ते सोबत नसतील तर त्यांचे संमतिपत्रही घ्या. भारतीय नागरिकांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. मात्र ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरी परकीय पारपत्रधारकाला तो लागतो. तुमचा भारतीय वाहन परवाना मुदतीत आहे ना, हेही पाहा. चालकाकडे वैध परवाना नसल्यास विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

एक सभासद, धंतोली

सप्रेम नमस्कार,

बाबांनी पॉलिसी काढून पाहिली. रकान्यात ‘भारत’ एवढेच आहे, आणि त्यांनी आजच पुरवणीसाठी लेखी अर्ज दिला. माझा परवाना संपून दोन वर्षे झाली आहेत. वर्ष उलटल्यामुळे नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागेल. तेव्हा गाडी धाकटा भाऊ चालवील आणि मी शेजारी बसेन.