जुन्या व्हीसीडींसाठी स्वस्त प्लेअर कोणता घ्यावा?

प्रश्न: माझ्या बारशाच्या व्हीसीडी आईला टीव्हीवरच बघायच्यात, लॅपटॉपवर नाही. टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे. साधा, स्वस्त प्लेअर घेताना काय बघू?

उत्तर १: डीव्हीडी प्लेअर घ्या. बहुतेक प्लेअर व्हीसीडीही वाचतात, तरी खोक्यावर तसं लिहिलंय ना बघाच. मागे एचडीएमआय हवं. नुसत्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतील तर वेगळा कन्व्हर्टर लागेल. ब्लू-रे प्लेअरवर पैसे घालू नका, तुमच्या कामाला तो नको.

उत्तर २: चित्र धूसर दिसेल, आईंना आधीच सांगा. व्हीसीडीचं चित्र ३५२×२८८ पिक्सेलचं (ठिपक्यांचं), डीव्हीडीचं ७२०×५७६चं. महागडा प्लेअरही नसलेला तपशील आणणार नाही. आणि कृपा करून आधी सगळ्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी काळानुसार खराब होतात.

प्रश्नकर्ती: आज रात्रीच उतरवायला बसते. आजीचा आवाज फक्त त्यातच आहे.