लघवीतलं किम-१ मोजायला कोणतं एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन पकडून मोजायचं) किट? (बडोदा, बजेट ४०,०००)

फतेहगंजकर: मधुमेही रुग्णांचे लघवीचे ३८ नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहेत. मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा आहे का, ते किम-१ या प्रथिनावरून पाहायचंय. प्रत्येक नमुना प्लेटच्या दोन वेलमध्ये (खळग्यांत). ४० हजारांवर जाता येणार नाही.

पिपेटवाली: ७०-७५ हजारांचं आयात किट घ्या. डोक्याला ताप नाही.

मांडवीकर: किंमत नंतर. अँटिबॉडी कुठल्या तुकड्यावर बनवलीय ते आधी विचारा. किम-१ पेशीच्या पडद्यात रुतलेलं असतं. लघवीत उतरतो तो बाहेरचा, कापला गेलेला भाग, साधारण ९० किलोडाल्टनचा. आतल्या शेपटीवर बनवलेली अँटिबॉडी बायोप्सीच्या स्लाइडवर झकास रंगते आणि लघवीत शून्य दाखवते. माहितीपत्रकात इम्युनोजेन (अँटिबॉडी ज्यावर बनवली तो तुकडा) दिलेलं नसेल तर पैसे वाया.

न्यायमंदिर_७: किम-१ कशाला? एनगॅल (मूत्रपिंडाची इजा दाखवणारं दुसरं प्रथिन) करा, सगळे तेच करतात.

मांडवीकर: मधुमेही आहेत, संसर्ग कुणाला ना कुणाला असणारच. पू-पेशींमधूनही एनगॅल सुटतं. मग मूत्रपिंड आणि मूत्राशय वेगळं कसं करणार?

सुरसागर: सुटी अँटिबॉडी-जोडी घ्या. प्लेट रात्रभर स्वतः अँटिबॉडीने कोट करायची, रिकाम्या जागा १ टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातलं प्रथिन) ब्लॉक. एका जोडीत कितीतरी प्लेटा निघतात. तयार किट म्हणजे चैन.

पिपेटवाली: आणि प्लेटागणिक कोटिंग बदललं की सीव्ही (आकड्यांतली तफावत) २० टक्के. आयातच घ्या.

फतेहगंजकर: एक सांगायचं राहिलं, नमुन्यांत सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून) आहे.

सुरसागर: अरेरे! अझाइड एचआरपीला (किटमधलं रंग आणणारं एन्झाइम) मारतं.

मांडवीकर: एकपायरी किटमध्ये मारतं, तिथे नमुना आणि एचआरपी एकत्र असतात. दोनपायरी घ्या, नमुन्यानंतर ३०० मायक्रोलिटरने ५ वेळा धुतलं की अझाइड निघून जातं. वितळल्यावर दिसणारा पांढुरका गाळ म्हणजे बहुतेक युरोमोड्युलिन (लघवीतलंच एक प्रथिन) आणि क्षार. ३७ अंशांवर गरम करा, व्हॉर्टेक्स करा (जोरात घुसळा), मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. गाळ विरघळवायला डीटीटी (प्रथिनांतले बंध तोडणारं रसायन) घालू नका, अँटिबॉडीचेच बंध तुटतील. ३-४ नमुने १:२, १:४, १:८ पातळ करून पाहा. गुणून आलेले आकडे २० टक्क्यांत जुळायला हवेत. शेवटी क्रिएटिनिनने (त्यावरून लघवी किती दाट ते कळतं) भागा, नाहीतर ज्याने पाणी कमी प्यायलं तोच आजारी ठरेल.

न्यायमंदिर_७: गोत्रीहून नमुने आणताना मे महिन्यात नुसत्या आइसपॅकवर राहू नका, कोरडा बर्फ लागतो.

पिपेटवाली: नमुने आधीच फ्रीजरमध्ये आहेत हो काका.

फतेहगंजकर: ३८ हजारांचं तयार किट मागवलं. दोनपायरी, ८-८ वेलच्या सुट्या पट्ट्यांचं, बाह्य भागावरची अँटिबॉडी.

सुरसागर: ऐकलं नाहीच. ९६ वेलपैकी १६ स्टँडर्डला (प्रमाण माहीत असलेली द्रावणं), ७६ नमुन्यांना, उरले ४. पातळ करून पाहायची चाचणी कुठे लावणार?

फतेहगंजकर: आधी २ पट्ट्या चाचणीला. मग ३२ नमुनेच लावते.