मदत हवी आहे : एक्सपीवरचं शेअर्ड फोल्डर विंडोज ११ वर उघडायचं, आता उघडत नाही

नमस्कार. घरात दोन मशिन्स आहेत. जुना डेस्कटॉप, विंडोज एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक ३. आणि नवा लॅपटॉप, विंडोज ११. डेस्कटॉप काढून टाकता येत नाही, कारण त्याला जोडलेल्या निगेटिव्ह स्कॅनरचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कधी आलाच नाही. बाबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह मी त्यावर स्कॅन करते, डाग काढणं आणि रंग सुधारणं लॅपटॉपवर. एकेक फाईल ६० एमबीच्या आसपास. डेस्कटॉपचे पोर्ट यूएसबी १.१ चे असल्याने पेनड्राइव्हवर एक फाईल घ्यायला मिनिटभर जातं. नेटवर्कवरून तीच सहा-सात सेकंदांत यायची.

दोन्ही मशिन्स एकाच राउटरला केबलने जोडलेली, वर्कग्रुप एकच. डेस्कटॉपला १९२.१६८.१.५० हा पत्ता मी हाताने दिलाय.

दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपच्या 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी १ (नेटवर्कवरून फाईल्स शेअर करण्याची जुनी पद्धत) समोर टिक केली आणि फोल्डर उघडलं. नंतर महिनाभर स्कॅनिंग राहून गेलं, लॅपटॉप मात्र रोज वापरात होता. परवा पुन्हा बसले तर पहिल्या दिवशीचाच मेसेज : या शेअरला जुना एसएमबी १ लागतो, तो सुरक्षित नाही, म्हणून जोडता येत नाही.

लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग केलं, म्हणजे जोडणी तपासायला छोटा संदेश पाठवला, तर लगेच उत्तर येतं. उलट केलं की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. मला वाटतं गोम इथेच असावी. केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला, एक्सपीची फायरवॉल थोडा वेळ बंद ठेवली, नावाऐवजी थेट पत्ता टाकला. काही फरक नाही.

मी काहीच बदललेलं नसताना हे बंद कसं पडलं? आणि एसएमबी १ चालू ठेवणं कितपत बरोबर? एसएमबी १ मधल्या त्रुटीतून पसरलेल्या २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसबद्दल वाचल्यापासून धास्ती वाटते. निम्म्याहून जास्त निगेटिव्ह अजून बाकी आहेत, आणि त्या दरवर्षी थोड्या थोड्या फिक्या पडताहेत.

प्रतिसाद १
पिंगच्या मागे लागू नका. एका बाजूने उत्तर येतंय म्हणजे केबल, राउटर, पत्ते सगळं ठीक आहे. उलट पिंग लॅपटॉपची फायरवॉल अडवते, बहुतेक तुमचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल.

खरं कारण तो मधला महिना. 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी १ च्या शेजारचं अधिकचं चिन्ह दाबा. आत तीन ओळी दिसतील : क्लायंट (दुसऱ्या मशीनवरून फाईल्स घेणारा), सर्व्हर (फाईल्स देणारा) आणि ऑटोमॅटिक रिमूव्हल. ती तिसरी चालू असली की मशीन चालू असताना एकूण १५ दिवस एसएमबी १ वापरला गेला नाही तर विंडोज तो आपणहून काढून टाकतं. फक्त क्लायंटला टिक करा, बाकी दोन्ही काढा, रीस्टार्ट करा. वॉनाक्राय सर्व्हरच्या बाजूने शिरायचा, आणि तुम्हाला लॅपटॉपवर सर्व्हर लागतच नाही, कारण फाईल्स लॅपटॉप ओढून घेतोय.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण जास्त काळजी डेस्कटॉपची घ्या. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, आणि एसएमबी १ चा सर्व्हर तिथेच चालू आहे. पत्ता हाताने दिलाच आहे, तर त्याच खिडकीतली 'डीफॉल्ट गेटवे'ची (बाहेर जायच्या वाटेची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची) जागा रिकामी ठेवा. घरातलं नेटवर्क चालेल, एक्सपी इंटरनेटवर मात्र जाणार नाही. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये नेटवर्कवरून लिहिण्याची परवानगीही देऊ नका, तुम्हाला फक्त वाचायचं आहे.

एसएमबी १ नकोच असेल तर एक्सपी प्रोफेशनलच्या सीडीवरून आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमधली एफटीपी (फाईल्स पाठवण्याची वेगळी पद्धत) सेवा टाकता येते. लॅपटॉपच्या फाईल एक्सप्लोररमध्ये एफटीपीचा पत्ता टाकला की फोल्डर उघडतं.

धागाकर्ती
तिसऱ्या ओळीला टिक होती, पहिल्या दोन्ही रिकाम्या! क्लायंट चालू केला, फोल्डर उघडलं. गेटवे काढला, फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. आत्ता एक अख्खा रोल लॅपटॉपवर घेतला, ३६ फाईल्स. सीडी शोधते आहे, सापडली की एफटीपी करून बघेन आणि इथेच कळवेन. दोघांचेही मनापासून आभार.