अष्टपैलू राहावे की एकच अंग धरावे? संजय बांगर यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

प्रश्न : बालाघाटकर (अंबाजोगाई)

माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. तो मधल्या फळीत फलंदाजी करतो आणि मध्यमगती गोलंदाजीही टाकतो. निवड चाचणीनंतर एका प्रशिक्षकांनी त्याला 'दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस, गोलंदाजी सोड' असा सल्ला दिला. आमच्याकडे हा विषय निघाला की बीडमध्ये जन्मलेल्या, भारताकडून खेळलेल्या अष्टपैलू संजय बांगर यांचे नाव निघतेच. थोरल्या बंधूंचे मत असे, की बांगर दोन्ही करत राहिले म्हणूनच त्यांच्या वाट्याला जेमतेम 12 कसोटी सामने आले. मला ते पटत नाही, मात्र खोडूनही काढता येत नाही. देशांतर्गत क्रिकेट नियमितपणे पाहणाऱ्या सभासदांनी कृपया आपले मत सांगावे.

उत्तर : गुणलेखक (छत्रपती संभाजीनगर)

आपल्या बंधूंनी कार्य आणि कारण यांची अदलाबदल केली आहे, असे मला वाटते. बांगर महाराष्ट्र आणि मुंबईच्या वयोगट संघांतून खेळले, परंतु प्रथम श्रेणीचे दार त्यांच्यासाठी 1993-94 च्या हंगामात रेल्वेने उघडले. त्या काळी रेल्वेचा संघ नामवंतांचा नव्हता. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या, चिवट माणसांचा तो संघ होता आणि अशा संघात डावाची सुरुवात करून पुन्हा दिवसाला पंधरा षटके टाकू शकणारा खेळाडू म्हणजे एका जागेत दोन खेळाडू. याच संघाने पुढे 2001-02 आणि 2004-05 असा दोनदा रणजी करंडक जिंकला. जानेवारी 2013 मध्ये बांगर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर 165 प्रथम श्रेणी सामन्यांत 8349 धावा आणि 300 बळी होते, म्हणजे सामन्यामागे सुमारे 50 धावा आणि जवळपास दोन बळी. हे आकडे एकेकटे पाहिले तर डोळे दिपत नाहीत, परंतु वीस वर्षे ते एकाच माणसाकडून मिळत राहणे ही कर्णधाराच्या दृष्टीने फार मोठी सोय असते.

ऑगस्ट 2002 मधील इंग्लंडविरुद्धची हेडिंग्लेची कसोटी तर मुळातून पाहण्यासारखी आहे. आकाश ढगाळ, खेळपट्टीवर चेंडू हलत होता, तरीही भारताने प्रथम फलंदाजी घेतली आणि कुंबळे व हरभजन असे दोन फिरकी गोलंदाज खेळवले. सेहवाग लवकर बाद झाल्यावर बांगर यांनी द्रविड यांच्यासह 170 धावांची भागीदारी केली. स्वतःच्या 68 धावांसाठी त्यांनी दोनशेहून अधिक चेंडू खर्ची घातले, पण त्यामुळे तेंडुलकर मैदानात उतरले तेव्हा चेंडूची लकाकी गेलेली होती. दुसऱ्या डावात त्यांनी बुचर आणि क्रॉली यांना बाद केले. भारताने तो सामना एक डाव आणि 46 धावांनी जिंकला. संघात तिसरा मध्यमगती पर्याय असल्यामुळेच दुसऱ्या फिरकी गोलंदाजाला जागा मिळाली होती. गोलंदाजी सोडलेले बांगर त्या संघात बसले असते का, हे बंधूंना अवश्य विचारावे.

उत्तर : आडवी बॅट (नांदेड)

वरील विवेचन उत्तम आहे, पण त्यात थोडी भक्ती मिसळली आहे. 12 कसोटींत 470 धावा आणि अवघे 7 बळी, हे अष्टपैलूचे नव्हे, तर गोलंदाजी टाकू शकणाऱ्या फलंदाजाचे आकडे आहेत. झिम्बाब्वेविरुद्ध नागपूरला त्यांनी नाबाद शतक काढले ते खालच्या क्रमांकावर आणि नंतर त्यांना सलामीला पाठवले गेले. 2002 च्या अखेरीस न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर धावा आटल्या आणि कसोटीतील जागा गेली; 2003 च्या विश्वचषक संघात ते होते, पण एकही सामना मिळाला नाही. यात अन्याय कुणी केला असे मी म्हणणार नाही. त्यांचा वेग आंतरराष्ट्रीय फलंदाजाला चकवण्याइतका नव्हता, एवढेच.

मात्र पुतण्याने गोलंदाजी सोडावी, असा निष्कर्ष यातून निघत नाही. जलज सक्सेना यांचे उदाहरण घ्या. मध्य प्रदेशातून केरळकडे गेलेल्या या फिरकी अष्टपैलूने रणजीत 6000 धावा आणि 400 बळी असा पल्ला गाठला, तो त्यापूर्वी कुणालाही गाठता आला नव्हता. भारताकडून त्यांना एकही सामना मिळाला नाही, तरी वयाच्या 38 व्या वर्षी आपल्या महाराष्ट्राने त्यांना संघात घेतले. देशांतर्गत क्रिकेटमध्ये दोन्ही अंगे असणाऱ्याला मागणी असते ती अशी. इम्पॅक्ट प्लेअरच्या (सामना सुरू असताना एक खेळाडू बदलण्याच्या) नियमामुळे आयपीएलमध्ये या मंडळींचे महत्त्व घटले, ही तक्रार खुद्द रोहित शर्मा यांनी केली आहे आणि ती रास्तही आहे. चार दिवसांच्या सामन्यात मात्र तो नियम नाही.

बालाघाटकर

दोघांचेही आभार. पुतण्याची कंबर मधूनमधून दुखते, हे मी आधी लिहायला हवे होते. प्रशिक्षकांच्या सल्ल्यामागे तेही कारण असावे.

उत्तर : नेटमधला मास्तर (लातूर)

मग प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, बाकी सारे नंतर. वाढत्या वयातील मध्यमगती गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला ताणाने बारीक तडा जाण्याचा धोका असतो आणि तो साध्या एक्स-रेमध्ये प्रत्येक वेळी दिसत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या मैदानांवर मुले बहुधा सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर, रबरी तळाचे बूट घालून गोलंदाजी करतात. पुढचा पाय टणक जागी आदळतो आणि तो धक्का थेट कमरेपर्यंत जातो. शिवाय मॅटवर चेंडू उसळत असल्यामुळे मुलाला वाटते आपण वेगवान आहोत. टर्फवर (माती-गवताच्या खेळपट्टीवर) गेल्यावर तोच चेंडू गुडघ्याएवढा येतो, आणि स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घातले की रनअपची पावलेही चुकू लागतात.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यास गोलंदाजी कायमची बंद करू नये, पुन्हा टाकू लागल्यावर षटके मोजावीत. एका स्पेलमध्ये पाच-सहा षटके, लागोपाठ दोन दिवसांहून अधिक नाही, आणि नेटमधले चेंडूही त्याच हिशेबात धरावेत, कारण मुले खरी झिजतात ती नेटमध्ये. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022 मध्ये आयपीएलच्या लिलावात चेन्नईने दीड कोटीला घेतले, तेव्हा त्याच्या वेगाइतकीच तळाला येऊन मारलेल्या षटकारांचीही चर्चा होती. आपल्या पुतण्याचे गणित उलटे आहे, तो फलंदाजी करणारा आहे. त्यामुळे येता हंगाम त्याला निव्वळ फलंदाज म्हणून खेळू द्यावे आणि कंबर पूर्ण बरी झाल्यावर चार-चार षटकांपासून पुन्हा सुरुवात करावी. तपासणीत काय निघाले ते येथे कळवावे, म्हणजे पुढचा आराखडा सांगता येईल.