मदत हवी आहे: रामसे बंधूंचे जुने भयपट परत बघायचेत

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं ऐंशीच्या दशकातले रामसे बंधूंचे भयपट पुन्हा बघायचं ठरवतोय. 'पुराना मंदिर' (1984) आणि 'वीराना' (1988) पक्के. पहिल्यातला सामरी नावाचा सैतान, म्हणजे नट अनिरुद्ध अग्रवाल, आठवला की अजूनही रात्री पाणी प्यायला एकटं उठवत नाही! मेकअप फार थोडा, माणूसच तसा उंचापुरा, म्हणून तो जास्त खरा वाटायचा असं माझं मत. मधली विनोदी उपकथानकं मात्र तेव्हाही पळवायचो, आताही पळवणार.

अडचण अशी, की ऑनलाइन सापडलेल्या प्रती फारच अंधाऱ्या आहेत. रात्रीच्या प्रसंगात भूत कुठे आणि झाड कुठे तेच कळत नाही. बरी, न कापलेली प्रत कुठे अधिकृतपणे बघायला मिळेल का?

दुसरं, 'तहखाना' (1986) आणि 'बंद दरवाजा' (1990) यांतला आधी कुठला लावू? सोबत बारा-तेरा वर्षांची भाचरंडं असतील. भुताची काळजी नाही, त्या आंघोळीच्या प्रसंगांची आहे. त्यांना 'झपाटलेला'वरच बसवावं का?

आणि मुरुडच्या नवाबाच्या राजवाड्यात 'पुरानी हवेली'चं चित्रीकरण झालं होतं, तो सध्या आत जाऊन बघता येतो का? अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा.